ओल्ड बेली ऑनलाइन : नऊ वर्षांच्या आरोपीची साक्ष वाचायची असेल तर

सोलापुरात सेटलमेंटजवळच्या, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलेल्या वस्तीजवळच्या, शाळेत मी इतिहास शिकवतो. इंग्रजांनी आपल्या लोकांना अंदमानला धाडलं, हे पोरांना पाठ असतं. स्वतःच्या देशातली लहान मुलंही ते गलबतात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवत, यावर मात्र वर्गात कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून मी ही वेबसाइट उघडतो. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे जवळपास दोन लाख खटले इथे फुकट वाचता येतात.

जॉन हडसन हे नाव आणि १७८३ हे साल टाका. चोरीचा माल म्हणजे एक सदरा, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल, दोन एप्रन. पुरावा काय, तर टेबलावर काजळीने माखलेल्या पायाच्या बोटांचे ठसे. कोर्ट वय विचारतं. नववं चालू आहे, म्हणतो. काम? कधीमधी धुराडी साफ करतो. आईबाप? मेले. कधी? ठाऊक नाही. शिक्षा सात वर्षं काळ्या पाण्याची. हे वाचून दाखवताना माझा आवाज आजही अडकतो.

खटला शिक्षेपाशी संपतो. पुढचं हवं असेल तर डिजिटल पॅनॉप्टिकॉन ही जोडीची साइट बघा, तीही फुकट. कोर्ट, जहाज आणि तुरुंगाच्या नोंदी जोडून तिथे सुमारे ९० हजार कैद्यांचा माग काढलाय. जॉन १७८७ मध्ये ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या पहिल्या ताफ्यातल्या 'फ्रेंडशिप' जहाजावर चढला. १७९१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटावर रात्री नऊनंतर झोपडीबाहेर दिसला म्हणून त्याला ५० फटके बसले. पुढे मुलांची संख्या इतकी वाढली की ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थरजवळ पॉइंट प्युअर हा फक्त मुलांचा तुरुंग काढला. १८३४ ते १८४९ या काळात तिथे सुमारे तीन हजार मुलं होती. सुतारकाम, जोडे शिवणं, दगड घडवणं शिकवायचे आणि नियम मोडला की एकांतकोठडी.

एका मुलीने विचारलं, "सर, माझ्या पणजोबांचं नाव टाकू?" ते इथल्याच सेटलमेंटमध्ये तारेच्या आत होते. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. खटला चाललाच नाही, नुसती सरकारी हजेरी. जॉनला निदान दोन प्रश्न तरी विचारले गेले, हे मला तिला सांगावं लागलं.

भाषा जुनी इंग्रजी आहे, मुलांना एकट्याने झेपत नाही. शिक्षकाने आधी वाचून ठेवावं. मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर लावा, म्हणजे मूळ छापील पान सगळ्या वर्गाला दिसेल. आठवीच्या पुढे बिनधास्त वापरा.