घोडा सोडलेला स्टॉकफिश: आठ महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. पोट्ट्यांच्या बुद्धिबळाच्या सरावासाठी काँप्युटरची लेव्हल कमी करू नका. लेव्हल पूर्ण ठेवा आणि त्याचा एक मोहरा पटावरून उचला. स्टॉकफिश म्हणजे बुद्धिबळ खेळणारा काँप्युटर प्रोग्रॅम, अशांना इंजिन म्हणतात. खालच्या लेव्हलचा स्टॉकफिश दहा चाली उस्तादासारख्या खेळतो आणि अकराव्या चालीला उंट फुकट देऊन मोकळा होतो. माणूस अशी चूक करत नाही; ती मुद्दाम पेरलेली असते. पोरगं त्यातून एवढंच शिकतं की थांबून राहिलं की मशीन काहीतरी देतंच. पूर्ण ताकदीचा, पण घोडा नसलेला स्टॉकफिश प्रत्येक चाल जीव तोडून खेळतो. जिंकलात तर ते तुमच्या खेळाने.

वापर गावच्या वाचनालयात झाला: दोन जुने अँड्रॉइड फोन, एक लॅपटॉप आणि येऊन-जाऊन असणारं नेटवर्क. म्हणून मुख्य ॲप ड्रॉइडफिश. फुकट आहे, स्टॉकफिश आतच येतो, नेट लागत नाही. नेट असेल तेव्हा लिचेस ही ऑनलाइन बुद्धिबळाची साइट.

मांडणी सोपी आहे. पट संपादनात जा, पांढऱ्याचा बी१ घरावरचा (वजिराकडचा) घोडा काढा, चाल पांढऱ्याची ठेवा आणि स्वतः काळे घ्या. मोहरा सोडणारा पांढरे घेतो आणि पहिली चालही त्याचीच, ही जुनी रीत आहे. फक्त प्यादं सोडायचं असेल तर उलटं: मशीनला काळे द्या, त्याचं एफ७ चं प्यादं काढा, पहिली चाल तुमची. ए१ चा हत्ती काढला तर पांढऱ्याच्या वजिराकडच्या कॅसलिंगची (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याची) खूणही काढा. ती राहिली तर काही ॲप ही मांडणी चुकीची म्हणून घेतच नाहीत. लिचेसवर असे डाव रेटिंगमध्ये धरले जात नाहीत, तेव्हा बिनधास्त हरा.

कोणाला काय सोडायचं? नुकत्याच शिकलेल्याला वजीर, मग हत्ती, मग घोडा, शेवटी प्यादं आणि चाल. सहापैकी चार डाव जिंकले की वरची पायरी. वजिरावरून थेट घोड्यावर उडी मारू देऊ नका; मोहऱ्यांच्या ढोबळ किमतीने वजीर नऊ, हत्ती पाच, घोडा तीन, म्हणजे फरक दुपटीहून मोठा पडतो.

प्याद्याच्या पायरीवर मात्र आपल्यासारख्यांनी फार आशा ठेवू नये. २००७ मध्ये रिब्का या इंजिनाने ग्रँडमास्टर यान एल्व्हेस्टला एकेक प्यादं सोडून आठ डावांत ५.५–२.५ असं हरवलं होतं, आणि आजची इंजिनं रिब्काच्या कितीतरी पुढे आहेत. २०१६ चा ग्रँडमास्टर नाकामुरा विरुद्ध कोमोडो हे इंजिन असा सामना त्याहून बोलका. चार डाव, दर डावाला वेगळी सवलत. प्यादं सोडलेले दोन आणि घोड्याच्या बदल्यात हत्ती सोडलेला एक, असे तीन डाव बरोबरीत सुटले. चौथ्यात नाकामुराला मोहऱ्याची सवलत नाही, सुरुवातीच्या चार चाली फुकट मिळाल्या होत्या, आणि नेमका तोच तो हरला. पुढे मिळालेल्या चाली मशीन हळूहळू गिळून टाकतं. पटावर जास्तीचा मोहरा असला तर तो गिळता येत नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रँडमास्टर डेव्हिड स्मरडन याला कोमोडोने अख्खा घोडा सोडला, तेव्हा स्मरडन ५–१ ने जिंकला. वेळ होती १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद.

ही वेळ लक्षात ठेवा. साठ चालींच्या डावात तुमच्या वाट्याला २५ मिनिटं येतात, आणि घोड्याचा फायदा शेवटपर्यंत नेण्याइतकी ती पुरतात. तीन-तीन मिनिटांच्या डावात घोडा असून नसल्यासारखा. "काहून गा, घोडा तर त्याचा कमी हाय, मंग हारतो आपनच काहून?" हा प्रश्न ऐकला की आधी घड्याळ बघा.

दुसरं कारण अदलाबदलीचं. घोडा वर असताना मोहऱ्याला मोहरा मारत सुटायचं, प्याद्याला प्यादं नाही. पोरं नेमकं उलटं करतात: वजीर जपतात, प्यादी उडवतात, आणि शेवटी पटावर राजा, घोडा आणि समोर राजा. नुसत्या घोड्याने मात होत नाही, डाव बरोबरीत. वजीर सोडलेल्या डावात दुखणं वेगळं. समोर एकटा राजा उरतो, आपला वजीर त्याच्या सगळ्या वाटा अडवतो पण शह देत नाही, की झाला पॅट, म्हणजे चालच उरली नाही म्हणून डाव बरोबरीत. स्टॉकफिश आपणहून राजीनामा देत नाही, म्हणून मात करावीच लागते. हा त्रास वाटतो, पण एकट्या हत्तीने मात करायचा सराव याच्याइतका दुसरीकडे कुठे होत नाही.

स्टॉकफिशची एक मोठी उणीव मात्र आहे. समोरचाही आपल्यासारखाच अचूक खेळेल असं तो धरून चालतो. घोडा कमी असताना फसव्या चाली टाकाव्यात, मोहरे पटावर टिकवावेत, हे त्याला सुचत नाही. हिशेबात किंचित बरी दिसली तर वजिराची अदलाबदलही खुशाल करतो. पूर्वी समोरच्याला कमी लेखून खेळायची 'कंटेम्प्ट' नावाची सेटिंग होती, ती नंतर काढली गेली. म्हणून घोड्याची पायरी पार केलेल्या पोराला लिचेसवरच्या 'लीला नाइट ऑड्स' या बॉटपुढे बसवा. तो घोडा सोडून खेळण्यासाठीच तयार केलेला आहे. अदलाबदल टाळतो, पट गुंतागुंतीचा ठेवतो, माणूस कुठे चुकेल ते हुडकतो. स्टॉकफिशला सहज हरवणारे इथे पहिल्या दिवशी गार होतात. त्याला नेट लागतं, हीच आपल्याकडची अडचण.

फोनचं सांगायचं तर थ्रेड (एका वेळी चालणारी विचाराची कामं) एक आणि हॅश (इंजिनाची आठवणीची जागा) १६ एमबी पुरे. तुमच्या विचाराच्या वेळात मशीनने विचार करायचा पर्याय, म्हणजे पाँडर, बंद ठेवा. एका सेकंदात फोनवरचा स्टॉकफिश जे बघतो ते आपल्याला जन्मात दिसणार नाही, चार थ्रेड लावून बॅटरी जाळण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेच्या उन्हात टिनाखाली फोन असा तापतो की स्क्रीन आपोआप मंद होते. सकाळी नऊच्या आत डाव उरकावा. मूल्यांकनाचा, म्हणजे कोण किती वर आहे ते दाखवणारा आकडा आणि चाल परत घेण्याचं बटण, दोन्ही लपवा. आकडा दिसला की पोरं पट सोडून तोच बघतात.

पारावर देशी नियमाने खेळलेली जुनी मंडळी बसली तर आधीच सांगून ठेवा: इथे प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं, राजाला घोड्याची एक उडी नाही, आणि शेजारून दोन घरं गेलेलं प्यादं मशीन तिरपं मारतं. ही शेवटची चाल पाहून हमखास आरडाओरड होते की काँप्युटर लबाडी करतो.