बाउंड्री बदलली: जुन्या शाळेत राहायचं की नव्या?

मेरीलँडमधल्या हॉवर्ड काउंटीत शाळेत जाणारी मुलं असलेल्या घरांना आपला पॉलिगॉन नंबर तोंडपाठ असतो. शाळांच्या हद्दी आखायला काउंटीचे जे बारीक तुकडे पाडलेत, त्यातला आपला तुकडा. नव्या नकाशात त्याचा रंग बदलला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-तीन महिने दुसरा विषय नसतो. हे लिहितोय ते अशा घरांसाठी, जिथे बोर्डाचं, म्हणजे काउंटीच्या शिक्षण मंडळाचं, मतदान होऊन गेलंय, नकाशा पक्का झालाय आणि प्रश्न एवढाच उरलाय: जुन्या शाळेत राहायची मुभा मिळत असेल तर घ्यायची, की मुलाला सरळ नव्या शाळेत घालायचं?

नकाशा अजून फिरवता येईल अशी आशा असेल, तर २०१९ आठवून बघा. त्या ऑगस्टमध्ये काउंटीच्या शाळांचे तेव्हाचे प्रमुख (सुपरिंटेंडेंट) मायकल मार्टिरानो यांनी सुमारे ७,४०० मुलांच्या शाळा बदलण्याचा प्रस्ताव मांडला. काही शाळा तुडुंब, काहींत जागा शिल्लक, हे एक कारण; मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असणारी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली, मुलं ठरावीक शाळांतच एकवटू नयेत, हे दुसरं. सुनावण्या कित्येक रात्री चालल्या, रस्त्याकडेला फलक घेऊन पालक उभे राहिले. ‘शाळा बघूनच घर घेतलं’ हे वाक्य त्या काळात किती जणांच्या तोंडून ऐकलं, सांगता येणार नाही, आणि त्यात आपली माणसंही भरपूर होती. नोव्हेंबरमध्ये बोर्डाने अखेर सुमारे ५,४०० मुलं हलवली. पुढच्या सप्टेंबरात ही मुलं ‘नव्या’ शाळेत गेली ती कोविडमुळे घरच्या टेबलावरून, लॅपटॉप उघडून. एवढं भांडण ज्या इमारतींवरून झालं, त्या बंदच होत्या.

घराच्या किमतीचा मुद्दा मी मागे ठेवतो. शाळांच्या हद्दी कशा आखायच्या हे सांगणारं बोर्डाचं धोरण क्रमांक ६०१० वाचलंत तर त्यात पटसंख्या क्षमतेच्या ९० ते ११० टक्क्यांत ठेवा, एका शाळेतून पुढच्या शाळेत जाणारा गट तिथल्या मुलांच्या १५ टक्क्यांहून लहान पडू देऊ नका, अशा गोष्टी सापडतील. तुमचं गृहकर्ज त्यात कुठेही नाही.

आमच्या घरात दोन्ही पर्याय एकाच वर्षी नांदले, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो. मुलगी अकरावीत होती, तिला सूट मिळाली आणि ती जुन्या हायस्कूलमध्ये राहिली. मुलगा नववीत जात होता. त्याच्यासाठी अर्ज करून बघायचा की नाही, हे आमच्यावर होतं.

मुलीच्या बाबतीत फार चर्चा झाली नाही. अकरावीतले शिक्षक कॉलेजच्या अर्जासाठी शिफारसपत्रं लिहितात, काउन्सेलर तीन वर्षं ओळखत असतो, ऑर्केस्ट्रात एकदा बसलेली खुर्ची असते. हे सगळं दीड वर्षासाठी मोडण्यात अर्थ नव्हता. नवीच इमारत उघडत असेल तर तिथे बारावीचा वर्ग पहिल्या वर्षी बहुधा नसतोच. २०२३ मध्ये जेसपला गिलफर्ड पार्क हायस्कूल सुरू झालं, तेव्हा अशा शंका आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत निघाल्या. विषयांची यादी काउंटीभर एकच असली, तरी एखाद्या वरच्या एपी कोर्सला (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेज पातळीचा विषय) पुरेशी मुलं जमली नाहीत तर तो वर्ग त्या वर्षी भरत नाही. अकरावी-बारावीसाठी जुन्या शाळेचं पारडं जड, हे मला आजही मान्य आहे.

नववीच्या मुलाचं गणित मात्र निराळं, आणि ते सोडवलं बसने.

मुभा घेऊन जुन्या शाळेत राहणाऱ्या मुलाला सहसा बस मिळत नाही. नियमांत ही एक ओळ असते. वाचताना आपण म्हणतो, ठीक आहे, सोडू गाडीने. सकाळी सोडणं खरंच जमतं, ऑफिसच्या वाटेवर होऊन जातं. दुखणं दुपारचं आहे. हायस्कूल सुटतं त्या वेळी नोकरी करणाऱ्या कुठल्याही माणसाचा दिवस ऐन भरात असतो. मुलीसाठी मी त्या पिकअप लाइनमध्ये बसायचो: पुढे गाड्यांची शेपटी वळणापर्यंत, मागे आणखी, मध्ये चमकत्या जाकिटातले शिक्षक हात हलवतायत, आणि मी कानात इअरफोन घालून, म्यूटवर, मीटिंगला ‘हजर’. बोलायची पाळी यायची तेव्हाच नेमकी रांग पुढे सरकायची. पाऊस असला की रांग दुप्पट वाटायची. मोजली नाही, पण वाटायची खरी. शाळेनंतर क्लब असला तर रांग नसे, पण मग संध्याकाळची दुसरी फेरी पडायची.

‘कारपूल करू’ हे उत्तर प्रत्येक घर देतं. आम्हीही दिलं होतं. पण सूट मिळालेली मुलं एकाच इयत्तेतली असली तरी त्यांच्या प्रॅक्टिसेस वेगळ्या, दातांच्या डॉक्टरच्या वेळा वेगळ्या. दिवाळीच्या आसपास आमचा कारपूल आपोआप विरला, कुणी कुणाला बोललं नाही.

मग मुलं स्वतः गाडी चालवतील, ही दुसरी आशा. मेरीलँडमध्ये लर्नर्स परमिट १५ वर्षं ९ महिन्यांनी मिळतं, ते नऊ महिने सांभाळल्यावर साडेसोळाला प्रोव्हिजनल, म्हणजे अटी घातलेलं, लायसन्स. त्यानंतरही पहिले १५१ दिवस अठराखालच्या मित्रमैत्रिणींना गाडीत बसवता येत नाही, सख्खं भावंड चालतं. शिवाय शाळेच्या पार्किंगचे परवाने बारावीच्या मुलांना आधी. म्हणजे नववीत सूट घेतली तर निदान दोन वर्षं ड्रायव्हर तुम्हीच. अकरावीतल्या मुलीच्या बाबतीत निदान शेवट दिसत होता.

म्हणून मुलासाठी अर्ज केला नाही. तो नव्या शाळेच्या बसने जायला लागला. स्टॉप आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पहिले काही आठवडे जेवणाच्या सुट्टीत कुणाबरोबर बसायचं हा त्याचा मोठा प्रश्न होता, तो खोटा म्हणणार नाही. पण बसमध्ये त्याच्याबरोबर आमच्याच पॉलिगॉनमधली मुलं होती, ज्यांची नावं आम्हाला इतकी वर्षं शेजारी राहून ठाऊक नव्हती. जुन्या मित्रांपैकी जे जवळचे, ते रविवारी मराठी शाळेत भेटतातच. तिथे काउंटीचा नकाशा कुणी विचारत नाही.

शाळेचा दर्जा? संकेतस्थळांवर दहापैकी जे आकडे झळकतात, त्यात आमची जुनी शाळा थोडी वर आहे. घरी मात्र मला फरक दिसला तो असा: मुलगा दुपारी साडेतीनला घरी येऊन खाऊन गृहपाठाला बसलेला असायचा, आणि मुलगी अजून माझ्या गाडीत. रसायनशास्त्राचे शिक्षक दोन्हीकडे चांगले निघाले. नव्या शाळेतला बँड लहान, त्यामुळे त्याला पहिल्याच वर्षी सोलो मिळाला. जुन्या शाळेत ताईला त्यासाठी बरंच थांबावं लागलं होतं.

तुमच्या घरी आजी-आजोबा राहत असतील आणि गाडी चालवत असतील, किंवा दोघांपैकी एकाची नोकरी घरून आणि सैल वेळांची असेल, तर माझा अर्धा युक्तिवाद गळून पडतो. मूल फार बुजरं असेल, नुकतंच कुठे रुळलं असेल, तरी जुनी शाळा धरून ठेवावी. मिडल स्कूलच्या शेवटच्या वर्षासाठीही, म्हणजे आठवीसाठी, मी सूट घेईन, एक वर्ष कसंही निभतं. पण नववीपासून पुढे, दोघं नोकरी करत असाल तर, मी नवी शाळाच निवडेन.

तरीही अर्ज भरायचाच असेल, तर आधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. सूट दरवर्षी नव्याने मागावी लागते का. धाकट्या भावंडाला ती लागू होते का. आणि तुमच्या पॉलिगॉनमधून जुन्या शाळेकडे जाणारी एखादी बस, रिकामी जागा असली तरी, त्याला घेईल का. तिसऱ्याचं उत्तर आम्हाला ‘नाही’ असंच मिळालं होतं.