17 इंचांत 15 तास

टेप आमच्या हिच्या शिवणाच्या डब्यातली. दुसऱ्या खेपेला मी ती मुद्दाम खिशात घालून नेली. विमानातल्या सीटच्या दोन दांड्यांमधलं अंतर भरलं सव्वासतरा इंच. पुढच्याच्या पाठीपासून आपल्या पाठीपर्यंत 31. शेजारचा सरदारजी बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, आता मला मोजा. त्याचे खांदेच एकवीस इंच निघाले. मग वरचे चार इंच कोणाच्या वाट्याचे, हे कळायला मला टेप लागली नाही.

आम्ही गुहागरचे. नारळ-सुपारीचं आगर आहे, घरात दोघंच. मुलगी शिकागोजवळ असते. तिच्या बाळंतपणाला पहिल्यांदा गेलो, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला दुसऱ्यांदा. सोळा महिन्यांत दोन वेळा जाऊन-येऊन चार मोठी उड्डाणं पदरी पडली, सगळी इकॉनॉमीत. आखातात विमान बदलायचं. मुंबईहून तिथपर्यंत तीन तास, पुढे शिकागो 15 तास. येताना हेच 13 तासांच्या आसपास होतं, कारण वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि परतताना विमानाला पाठीमागून ढकलतो. आता गावात कोणाचं पोरगं तिकडे गेलं की त्याचे आईबाप आमच्या पडवीत येऊन बसतात आणि विचारतात, "बसवतं का हो एवढं?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

बसवतं. पण विमानात चढताना तुमच्या अंगात किती जीव शिल्लक आहे, त्यावर सगळं आहे. तिकीट काढताना लोक 15 तासांचा हिशेब करतात. आम्हा कोकणातल्यांनी तो घराच्या पायरीपासून करायला हवा. गुहागर ते मुंबई विमानतळ नऊ तास, तिथे चार तास आधी, पहिलं विमान तीन तास, मध्ये चार तास थांबा, मग 15 तास, आणि शिकागोला रांगेत दोन तास. बेरीज 37. विमान हा त्यातला सगळ्यात सुसह्य भाग आहे असं मी म्हटलं तर मुलगी हसते, पण तिने माणगावच्या कोंडीत चार तास काढलेले नाहीत.

पहिल्या खेपेला आम्हीही 15 तासांचाच हिशेब केला. विमान पहाटेचं, म्हणून घरून दुपारी जेवून गाडीने निघालो. वाटेत कोंडी, त्यात हिचा गुडघा, आणि डोक्यात सतत घड्याळ. विमानतळावर पोचलो तेव्हाच आम्ही अर्धे झालो होतो. नंतरच्या 15 तासांत मला झोप लागली ती एकूण तासाभराची, तीही तुकड्यातुकड्यांत. पाय इतके सुजले की शिकागोला उतरताना बूट चढेनात, टाच बाहेर ठेवून सपातांसारखे ओढत चाललो. दुसऱ्या खेपेला दोन दिवस आधी चिपळूणहून रेल्वेने गेलो, डोंबिवलीला मेहुण्याकडे दोन रात्री झोपलो, आणि तिथून निघालो. विमान त्याच जातीचं, सीट तेवढीच. पाच तास सलग झोपलो. ही म्हणाली, घोरत होतात. सीटमध्ये काडीचा बदल नव्हता.

सीटचं आता सविस्तर सांगतो, कारण पैसे घालवायचे तर इथे घालवावेत. आमचं विमान बोइंग 777 होतं. त्यात बहुतेक कंपन्या एका रांगेत 3-4-3 अशा दहा सीटा बसवतात. बोइंग 787 किंवा एअरबस ए-350 मिळालं तर साधारण 3-3-3. तिकीट काढताना विमान कोणतं ते लिहिलेलं असतं, ते वाचावं. 777 च्या अगदी मागे शेपटाकडे विमान निमुळतं होतं, म्हणून बऱ्याच विमानांत शेवटच्या दोन-तीन रांगा 2-4-2 असतात. नवरा-बायकोला ही दोनाची जोडी म्हणजे पडवीतला झोपाळाच. तिसरा कोणी ओलांडून जात नाही, खिडकीच्या बाजूला पिशवी ठेवण्याइतकी फट मिळते. दुसऱ्या खेपेला परतताना पैसे भरून मी ती आधीच धरली. अगदी शेवटची रांग मात्र घेऊ नये. पाठ पुरती मागे जात नाही आणि संडासाची रांग तुमच्या डोक्याशी उभी राहते.

सगळ्यात पुढे भिंतीसमोरची सीट मिळाली की लोक खूश होतात. पाय पसरतात हे खरं. पण तान्ह्या मुलांचे पाळणे त्याच भिंतीला लागतात, आणि जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीतून निघत असल्यामुळे दांडी जाड नि सीट आणखी अरुंद. आपत्कालीन दाराजवळची जागा आमच्या वयाला देतच नाहीत, कारण वेळ पडली तर दार उघडणारा माणूस धडधाकट लागतो. ते बरोबरच आहे.

हवेचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. विमान 35-40 हजार फुटांवर असलं तरी आत दाब भरलेला असतो. पण तो जमिनीइतका नसतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाच. आपलं कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर 15 तास बसून राहायचं, आणि तेही वाळवणासारखं. आतली आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली असते. आम्ही पावसाळ्यात पापडाचा डबा उघडला की पापड मऊ पडणाऱ्या गावातले. आठव्या तासाला माझं नाक आतून सोललं, ओठ फुटले, डोळ्यांत कचरा गेल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळेला खोबरेल तेलाची छोटी बाटली जवळ ठेवली आणि दर दोन-तीन तासांनी नाकपुडीत बोट फिरवलं. आपल्याच घाण्याचं तेल. पाणी मागून मागून प्यावं. ते देतात त्या पेल्याने आपलं भागत नाही, म्हणून सुरक्षा तपासणी झाल्यावर रिकामी बाटली भरून घ्यावी.

पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि ते चांगलंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं की चार तासांहून जास्त बसून प्रवास केला तर शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका लहान आहे, सहा हजारांत एक असा काहीसा, त्यामुळे घाबरून घरी बसायचं कारण नाही. पण माझ्या पायाच्या शिरा आधीच फुगलेल्या, म्हणून डॉक्टरांना विचारून गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घेतले. ते निघायच्या दिवशी सकाळी, पाय सुजायच्या आत चढवायचे. विमानात वाकून चढवायला गेलात तर पुढच्या सीटवर डोकं आपटेल. मी आपटलंय. दुसऱ्या खेपेला बूट पहिल्या झटक्यात गेले.

संडासाबद्दल आपल्याकडचे लोक विचारायला लाजतात, म्हणून मीच सांगतो. पाण्याचा फवारा नसतो, कागद असतो. दोनशे मिलीची रिकामी बाटली नेऊन बेसिनच्या नळावर भरून घ्यावी. जेवण आवरल्यावर सगळे एकदम उठतात, म्हणून जेवणाची गाडी तुमच्या रांगेपासून लांब असतानाच जाऊन यावं. आणि नुसत्या मोज्यांवर जाऊ नये. खालचं ओलं नेहमी पाण्याचंच असतं असं नाही.

जेवण. तिकीट काढून झालं की उड्डाणाच्या निदान 24 तास आधी आपलं खास जेवण नोंदवायचं, नाहीतर 'चिकन ऑर पास्ता' ऐकायला तयार राहायचं. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं असेल तर त्याचं खूण-नाव एव्हीएमएल, जैन असेल तर व्हीजेएमएल. नोंदवलेल्यांना ताट सगळ्यांच्या आधी मिळतं. याचा तोटा असा की तुमचं खाऊन होतं आणि रिकामा ट्रे मांडीवर घेऊन अर्धा तास शेजाऱ्याचं जेवण बघत बसावं लागतं. चव अळणीच लागते. त्यात आचाऱ्याचा दोष कमी. कोरडी हवा आणि सततचा घरघराट यांत जिभेला मीठ आणि गोड कमीच कळतं. हिने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि आमसुलाची सुकी चटणी बरोबर घेतली होती. दहाव्या तासाला त्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हा पुढच्या दोन रांगांतल्या माना वळल्या. एक पुरी सरदारजीला दिली. चार इंचांचं भाडं वसूल.

अमेरिकेला नेताना मात्र जपून. ताजी फळं नेता येत नाहीत. हापूस तर नाहीच, तो तिकडे 2007 पासून रीतसर विकिरण करूनच, म्हणजे कीड मारायला किरणांखालून काढूनच, जातो. काय आणलं ते विचारलं की लपवू नये. आणि सुकं खोबरं मुंबईतच काढून घेतात. हिने आगरातल्या नारळाच्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेच्या तळाशी भरल्या होत्या. तपासणीत बॅग बाजूला आली. खोबरं आपोआप पेट घेणाऱ्या मालाच्या यादीत आहे म्हणे. ही चिडली, पण मी गप्प. खोबऱ्याचा ढीग नीट वाळला नाही तर आतून गरम लागतो, हे मी हात घालून पाहिलेलं आहे. पॉवर बँक उलट, ती सामानात टाकायची नाही, हातातल्याच बॅगेत ठेवायची. काही कंपन्यांनी 2025 पासून ती विमानात वापरायलाही बंदी घातली आहे. औषधं हातातच, चिठ्ठीसकट.

हिच्या गुडघ्यासाठी व्हीलचेअर मागितली होती. तिकीट काढतानाच सांगावी, पैसे पडत नाहीत. मुंबईतला पोरगा तिला 'आई' म्हणत दारापर्यंत घेऊन गेला. आखातातल्या विमानतळावर मात्र एका कोपऱ्यात बारा-पंधरा म्हाताऱ्यांना ओळीने बसवून ठेवलं, सुक्या मासळीसारखं. तास गेला तरी कोणी येईना. मी तीनदा जाऊन बोर्डिंग पास नाचवला तेव्हा कोणीतरी आलं. म्हणून थांबा दोन तासांचा मिळत असला तरी चारचा घ्यावा, आणि बरोबरच्याने लाजू नये.

तक्रार म्हणून खरी एकच. दुसऱ्या खेपेला परतताना एक बॅग मुंबईला आलीच नाही. पट्टा रिकामा फिरतोय, पहाटेचे चार वाजलेत, आणि बाहेर जाऊन मग फोन करू असं वाटतं. तसं करू नका. त्या दालनातून बाहेर पडायच्या आधीच हरवल्याची लेखी नोंद करून घ्यायची, त्याला पीआयआर म्हणतात, आणि त्याचा क्रमांक जपायचा. विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा 1999 चा मॉन्ट्रियल करार आहे, त्यात भारत आहे. त्याप्रमाणे फुटक्या-तुटक्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्याची मिळाल्यापासून 21 दिवसांत करावी लागते. हे मुलीने फोनवर वाचून दाखवलं. कंपनीच्या माणसाने पाचव्या दिवशी फोन करून विचारलं, "गुहागर गोव्यात कुठे आलं?" बॅग चिपळूणपर्यंत आली, पुढे मी जाऊन आणली. एसटीत माझ्या शेजारी तिने सीट अडवली म्हणून कंडक्टरने तिचंही तिकीट फाडलं.

झोपेचं चक्र जाताना फारसं छळत नाही, येताना छळतं. थंडीत तिथलं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे, म्हणजे दिवसाची रात्र. परतल्यावर आठ-नऊ दिवस मी पहाटे दोनला टक्क जागा होतो. एरवी आगरात शिंपणं सात वाजता सुरू होतं, तेव्हा ते तीनलाच झालेलं असे. गड्याला वाटलं, शेटना आता माझी गरज नाही.

गुण द्यायचे तर सीटला पाचांपैकी दोन, हवेला एक, जेवणाला अडीच, आणि दोनाच्या जोडीला साडेचार. गळ्यातली फुगवायची उशी मी परत नेणार नाही, मान पुढे ढकलते. त्याऐवजी हिची जुनी शाल गुंडाळून कमरेमागे ठेवली, ती कामाची.

परवा खालच्या पाखाडीतले अण्णा येऊन गेले. मेलबर्नला मुलाकडे निघालेत, आयुष्यात पहिल्यांदाच. मी टेपेपासून मोज्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला, आणि पायरी उतरताना वळून विचारलं, "विमानात तंबाखू मळता येते ना?"

म्हटलं, मळाल हो अण्णा, पण थुंकाल कुठे?