पहिले कासव कोणते घ्यावे: हॉर्सफील्ड की हर्मन?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबात कासव पाळण्याचा विचार सुरू झाला की विक्रेत्याकडे बहुधा दोन जाती समोर येतात: मध्य आशियातले हॉर्सफील्ड आणि भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशातले हर्मन. दोन्ही जमिनीवर राहणारी, पाला खाणारी आणि पूर्ण वाढल्यावरही साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटरचीच असतात; पिल्ले तर नवख्या नजरेला एकसारखीच दिसतात. मात्र दोघांची मूळ हवामाने फार वेगळी आहेत आणि निवड त्यावरूनच व्हायला हवी, कारण नीट सांभाळलेले कासव पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते आणि आज आणलेले पिल्लू पुढे आपल्या मुलांनाही सांभाळावे लागते. माझे मत आधीच सांगायचे तर, ज्यांच्या घरामागे ऊन येणारी बाग आहे त्यांनी पहिले कासव म्हणून हर्मन घ्यावे, आणि केवळ स्वस्त मिळते म्हणून हॉर्सफील्ड घेऊ नये.

हॉर्सफील्डचे मूळ घर म्हणजे कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान या देशांतली कोरडी मैदाने. तिथला हिवाळा गोठवणारा आणि उन्हाळा करपवणारा असल्यामुळे हे कासव वर्षातले मोजकेच महिने जमिनीवर वावरते आणि उरलेला काळ स्वतः खणलेल्या बिळात काढते. सोव्हिएत संघाने सप्टेंबर १९६८ मध्ये झोंड ५ या यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परत आणलेली दोन कासवे याच जातीची होती, यावरून त्याच्या काटकपणाची कल्पना यावी. परंतु हा काटकपणा कोरड्या हवेपुरता आहे. कडाक्याची थंडी त्याला बिळात सोसते, ओल मात्र सोसत नाही. इंग्लंडमधल्या पावसाळी, दमट, दहा-बारा अंशांच्या दिवसांत ते उघड्यावर राहिले तर नाक वाहू लागते आणि श्वसनाचे आजार जडतात. शिवाय त्याला कोंडून ठेवणे कठीण असते. पुढच्या पायांच्या चार नख्यांनी ते कुंपणाखालून खणत जाते आणि खणता आले नाही तर कोपऱ्यात अंग रेटून वर चढते. त्यामुळे त्याच्या बागेतल्या कुंपणाची भिंत निदान तीस सेंटिमीटर जमिनीत गाडलेली, आरपार न दिसणारी आणि कोपऱ्यांवर आडवी फळी ठोकलेली असावी लागते.

हर्मन स्पेनपासून इटली, ग्रीस आणि बाल्कन देशांपर्यंतच्या झुडपी रानांत आढळते. शेपटीच्या टोकाला शिंगासारखी टोकदार नखी असते, त्यावरून ते ओळखता येते. तेही चढते, अधूनमधून माती उकरते, पण हॉर्सफील्डइतके खोल खणत नाही आणि दिवसाचा बराच काळ उघड्यावर हिंडताना दिसते. मुलांना प्राणी पाहायचा असतो हे लक्षात घेतले तर ही गोष्ट लहान नाही. बागेत काचेची छोटी कोठी किंवा छोटे ग्रीनहाऊस ठेवून त्यात दिवा लावला, तर ब्रिटिश वसंत आणि शरद ऋतू त्याला पुष्कळ सुसह्य होतात.

तिसरे नाव ग्रीक कासवाचे निघते. त्याच्या अनेक पोटजाती आहेत. काही हिवाळी झोप घेतात, उत्तर आफ्रिकेतल्या काहींना ती मानवत नाही. मूळ ठाऊक नसेल तर पहिल्या खेपेस ते टाळावे. सल्काटा या आफ्रिकेतल्या मोठ्या जातीचे पिल्लू स्वस्तात मिळते, पण त्या जातीचा नर पन्नास किलोंच्या पुढेही जाऊ शकतो, म्हणून त्याचा विचारच करू नये.

किमतीतला फरक बराचसा कागदपत्रांतून आणि प्राणी कुठून आला यातून येतो. हर्मनला ब्रिटनमध्ये सर्वाधिक संरक्षण असलेल्या वर्गात ठेवले आहे, म्हणून विक्रीसाठी त्या कासवाचे आर्टिकल १० प्रमाणपत्र असावेच लागते आणि ते कासवाबरोबर आपल्याला मिळायला हवे. मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा क्रमांक प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. हॉर्सफील्डला असे प्रमाणपत्र लागत नाही. ही सोय वाटते, पण त्याच कारणाने रानातून पकडलेले प्राणीही या जातीत अधिक आले आहेत, आणि असा प्राणी जंतांनी व प्रवासाच्या ताणाने खंगलेला असू शकतो. घरीच जन्मलेले, एक-दोन वर्षांचे, व्यवस्थित खाणारे पिल्लू थेट पैदास करणाऱ्याकडून घेणे हे दोन्ही जातींत श्रेयस्कर. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी मात्र हा सल्ला आपल्यासाठी वाचू नये: भारतातले स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते घरात ठेवणे हा गुन्हा आहे. घरात कासव शुभ मानणाऱ्यांनी धातूच्या मूर्तीवर समाधान मानावे.

घराची तयारी करताना दुसरी तुलना पुढे येते: माशांची काचपेटी, बंद व्हिव्हेरियम (प्राणी ठेवायची झाकलेली पेटी) की उघडे कासव-टेबल (वरून उघडी, मातीने भरलेली लाकडी पेटी)? काचपेटी सरळ नाकारावी. तिच्यात हवा खेळत नाही, उष्ण आणि थंड असे दोन भाग करता येत नाहीत, आणि आरपार दिसणाऱ्या भिंतीवर कासव दिवसभर धडका देत राहते. बंद व्हिव्हेरियम अगदी लहान पिल्लांना उपयोगी पडते, कारण त्यात ओलावा टिकतो आणि कवचावर उंचवटे येण्याचा धोका घटतो. वाढत्या हॉर्सफील्ड किंवा हर्मनला मात्र उघडे लाकडी टेबलच उत्तम. लांबी निदान १२० आणि रुंदी ६० सेंटिमीटर, त्याहून मोठे असेल तर अधिक चांगले. त्यात साधी, खत न घातलेली माती आणि खेळायची वाळू मिसळून निदान दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर द्यावा. हॉर्सफील्डला याहून खोल थर लागतो. वरची माती कोरडी आणि खालची किंचित ओलसर राहील असे पाहावे.

एका टोकाला दिव्याखालचे तापमान ३० ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २० अंश ठेवावे. अतिनील-बी प्रकाश देणारी नळी दिवसाला सुमारे बारा तास चालू असावी. त्या प्रकाशाशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि कवच मऊ पडते. खिडकीतून येणारे ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण काच नेमके तेच किरण अडवते. नळी प्रकाश देत असली तरी अतिनील किरण घटत जातात, म्हणून ती उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर बदलावी.

आहार दोघांचा जवळजवळ एकच: डँडेलियन, इसबगोलाच्या कुळातले प्लॅन्टेन, सो थिसल अशी रानपाने, जोडीला जास्वंदीची पाने-फुले आणि चघळायला कटलफिशचे हाड. पोळी, भात, डाळ, दही यांचा घासही देऊ नये, फळे टाळावीत आणि ऑक्सॅलेटमुळे पालक नेहमीचा करू नये. बागेत फॉक्सग्लोव्ह, डॅफोडिल, बटरकप ही विषारी फुलझाडे असतील तर कुंपणाच्या आत राहू देऊ नयेत.

हिवाळ्यात दोन्ही जाती झोपतात, आणि नवख्या मालकाला सर्वाधिक भीती याचीच वाटते. निरोगी कासवासाठी वेगळा छोटा फ्रिज घेऊन तापमान पाच अंशांच्या आसपास, तीन ते सात यांच्या मर्यादेत ठेवणे ही खात्रीची पद्धत आहे; भाजीचा फ्रिज त्यासाठी वापरू नये. झोपेआधी काही आठवडे खाणे थांबवून कोमट पाण्याची आंघोळ चालू ठेवावी, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी आणि झोपेच्या काळात ठरावीक अंतराने वजन करावे. पाच वर्षांखालचे मूल घरी असेल तर साल्मोनेलाचा विचार आधी करावा: कासवाची आंघोळ स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये होऊ नये, आणि हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे असावे.

बाग नसलेल्या फ्लॅटमध्ये दोन्ही जाती अवघडच. तरीही निर्णय झालाच असेल आणि मोठे, खोल मातीचे टेबल बसवता येत असेल, तर कोरड्या घरात हॉर्सफील्ड हर्मनइतकेच चालेल. कोणतीही जात घेतली तरी दोन कासवे एकत्र ठेवू नयेत, कारण नर धडका देतो आणि चावतो, आणि एकटे कासव एकाकी नसते. टेबल तयार झाल्यावर ते रिकामेच आठवडाभर चालवून दोन्ही टोकांचे तापमान सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरने तपासावे, रात्री खोली किती गार होते तेही टिपावे, आणि आकडे स्थिर राहू लागल्यावरच विक्रेत्याला आगाऊ रक्कम द्यावी.