फिश टँकच्या दिव्यासाठी टायमर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या दिवाणखान्यात दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच असा फिश टँक आहे. साधारण ५० लिटर पाणी, निऑन टेट्रा आणि गप्पी, व्हॅलिस्नेरिया, अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न ही झाडे आणि वर १८ वॉटचा एलईडी दिवा. दुपारी २ ला दिवा लागावा आणि रात्री ९ ला मालवावा, एवढीच माझी गरज होती. घरातल्या कोणाच्या लक्षात राहण्यावर हे सोडले की कधी चार तास उजेड मिळे, तर कधी दिवा रात्रभर तसाच राही, म्हणून गेल्या वर्षी जुलैत मी पहिला टायमर घेतला.

तो तबकडीचा होता. कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खुंट्या असतात. हव्या त्या वेळच्या खुंट्या खाली दाबायच्या, बाणासमोर आत्ताची वेळ येईपर्यंत तबकडी फिरवायची आणि टायमर सॉकेटमध्ये बसवायचा. माझ्या आईलाही तो न शिकवता वापरता आला, हा त्याचा मोठा गुण. आतली मोटर सतत बारीक घरघर करते; दिवसा ती जाणवत नाही, पण टँक झोपण्याच्या खोलीत असेल तर रात्री नक्की ऐकू येते.

मात्र ही मोटर विजेच्या ५० हर्ट्झच्या लयीवर चालते आणि वीज गेली की जागच्या जागी थांबते. वीज परत आली की तबकडी थांबली होती तिथूनच पुढे सुरू होते, म्हणजे जितका वेळ वीज नव्हती तितके हे घड्याळ मागे पडते. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात, त्यामुळे घरी असताना मी दर गुरुवारी संध्याकाळी तबकडी पुढे सरकवत असे. गणपतीत आम्ही दहा दिवस कोकणात गावी गेलो आणि ते करायला घरी कोणी नव्हते. परतलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि दिवा लख्ख जळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता तबकडी सव्वा वाजल्याची वेळ दाखवत होती, म्हणजे ती पावणेसहा तास मागे होती. कुंडीतल्या तुळशीला उजेड मिळावा म्हणून खिडकीचा पडदा आम्ही उघडा ठेवला होता. त्यामुळे टँकला दिवसभर खिडकीचा उजेड आणि त्यानंतर पावणेआठपासून पहाटे पावणेतीनपर्यंत दिव्याचा उजेड मिळत राहिला. पुढच्या काचेवर हिरव्या शेवाळाचा थर धरला होता, अ‍ॅन्युबियसची पाने तर बोटाने पुसली तरी साफ होईनात. ही पाने सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यावर शेवाळ सर्वांत आधी बसते. टँक पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. या काळात मी उजेड सहा तासांवर आणला होता आणि आठवड्यातून दोनदा पाणी बदलत होतो.

ऑक्टोबरमध्ये मी डिजिटल टायमर घेतला आणि आज आठ महिने तोच वापरतो आहे. मला तो साधारण दुप्पट किमतीला पडला. त्याच्या पोटात एक लहान चार्ज होणारी बॅटरी असते, तिच्यावर वीज नसतानाही घड्याळ चालू राहते. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी तो रात्रभर सॉकेटमध्ये ठेवून ही बॅटरी भरून घ्यावी, नाहीतर पहिल्याच खंडात वेळ पुसली जाते. त्याच्या पडद्यावर चालू, स्वयंचलित आणि बंद अशा तीन स्थिती आहेत, आणि इथे माझी एक चूक झाली. सकाळी काच पुसण्यासाठी मी दिवा हाताने ‘चालू’ केला आणि काम संपल्यावर तिथून थेट ‘स्वयंचलित’वर आणला. या टायमरमध्ये असे केले की पुढची बंद होण्याची वेळ येईपर्यंत दिवा चालूच राहतो, म्हणून त्या दिवशी तो रात्री ९ पर्यंत जळत राहिला. आधी ‘बंद’वर नेऊन मग ‘स्वयंचलित’वर यावे. दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात कधी बारीक ‘आर’ हे अक्षर दिसू लागले, तर चुकून दोन बटणे एकत्र दाबली गेली आहेत असे समजावे. घर बंद असताना चोरांना फसवण्यासाठी मन मानेल तेव्हा दिवा लावण्याची ती सोय आहे. माशांच्या टँकला तिचा काहीही उपयोग नाही.

माझ्या मेहुण्याकडे ठाण्याला वायफायचा स्मार्ट प्लग आहे आणि फोनवरून वेळ बदलता येते म्हणून तो त्यावर खूश आहे. पण वीज येऊनही इंटरनेट बंद राहिले, तेव्हा त्याच्या प्लगला वेळच कळली नाही आणि संध्याकाळभर टँक अंधारात राहिला. घरात राउटरला इन्व्हर्टरचा आधार असेल तर हा पर्याय जरूर पाहावा.

घेताना पिनांकडे नीट लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. युरोपातल्या पद्धतीच्या गोल पिना आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतात, टायमर स्वतःच्या वजनाने पुढे झुकतो आणि ठिणग्या पडतात. भारतीय ६ अँपिअरच्या तीन पिनांचा, घट्ट बसणारा टायमरच घ्यावा. त्याचे अंग रुंद असते, शेजारचे बटण झाकले जाणार नाही ना, हे बोर्डावर मोजून पाहावे. दिव्याच्या वायरला सॉकेटच्या खाली येईल असा झोल ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी तिथेच खाली ठिबकते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. फिल्टर कधीही या टायमरवर लावू नये. त्यातल्या स्पंजवर वाढणारे उपयोगी जिवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया संपवतात आणि त्यांना प्राणवायूसह वाहते पाणी सतत लागते.

एका बाबतीत मात्र कोणताच साधा टायमर मदत करत नाही. माशांना पापण्या नसतात, आणि अंधारातून एकदम उजेड झाला की टेट्रा काचेवर आदळतात. दिवा दुपारी लागतो तेव्हा खोलीत उजेड असतोच, म्हणून आमच्याकडे हा प्रश्न येत नाही. पहाटे दिवा लावणाऱ्यांनी अर्धा तास आधी खोलीतली ट्यूब लावावी.

गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात आमच्याकडे ९ तास वीज नव्हती. रात्री मेणबत्ती धरून पाहिले, तर पडद्यावरचे आकडे फिकट झाले होते, पण वेळ बरोबर होती. ही बॅटरी आतच डाग देऊन जोडलेली असल्याने ती बदलता येत नाही; म्हणून महिन्यातून एकदा मी टायमर रात्री काढून ठेवतो आणि सकाळी त्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. अजून एकदाही त्यात मिनिटाचा फरक पडलेला नाही.