कोल्हापूर, राजारामपुरीतली लॅब: ग्रोथ हार्मोनची टेस्ट चांगली, पॅकेज मात्र नको

पोराची उंची वाढत नाही म्हणून डॉक्टरांनी क्लोनिडिन टेस्ट (गोळी देऊन ग्रोथ हार्मोन किती वाढतो ते बघायची) लिहून दिली असेल तर ही लॅब ती नीट करते. सुई एकदाच: शिरेत बारीक नळी (कॅन्युला) लावून ०, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना रक्त घेतात. गोळीचा डोस अंदाजाने नाही, उंची-वजन तिथेच मोजून काढतात (०.१५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर). गोळीने बीपी उतरतं, पोरगं पेंगतं. म्हणून झोपवून ठेवतात आणि दर अर्ध्या तासाने बीपी बघतात. खायला घालून सोडलं तरी घरी नेताना मोटरसायकलवर बसवू नका, रिक्षा करा. गडहिंग्लज-गारगोटीहून येणाऱ्यांनी पहाटेच्या एसटीनं उपाशी पोर आणण्यापेक्षा आदल्या रात्रीच कोल्हापुरात मुक्कामाला यावं.

काउंटरवर गळ्यात मारतात ते ‘ग्रोथ पॅकेज’ घेऊ नका. त्यात ग्रोथ हार्मोन एकदाच तपासतात. हा हार्मोन लाटांनी सुटतो, जास्त करून झोपेत; दिवसा तो जवळपास शून्य आला म्हणून काही सिद्ध होत नाही. त्या पैशात आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या जोरावर शरीरात बनणारा घटक), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सिलिअ‍ॅकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं खराब होणारा आजार) टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी, सोबत एकूण आयजीए करा. हाशिमोटो थायरॉइड आणि सिलिअ‍ॅक हे दोन्ही ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच हल्ला करतं असे) आजार उंची अडवतात, शिवाय क्लोनिडिन टेस्टचा आकडाही खोटा कमी दाखवू शकतात. थायरॉइड कमी निघालं तर आधी ते सुधारायचं, मग ही टेस्ट. आणि सिलिअ‍ॅकचं रक्त देईपर्यंत चपाती बंद करून नुसत्या भाकरीवर ठेवू नका. अँटिबॉडी उतरतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो.

ग्रोथ हार्मोन बनवणाऱ्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवरच शरीराचा हल्ला, म्हणजे हायपोफायसायटिस, मुलांत दुर्मिळ. त्यासाठी सुचवली जाणारी अँटी-पिट्युटरी अँटिबॉडी आजार नसलेल्यांतही सापडते, तिच्यावर निदान उभं राहत नाही. मूल रात्री उठून घटाघटा पाणी पितं, सारखं लघवीला जातं, डोकं दुखतं म्हणतं, असं असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. तिथं उपयोगी पडतो तो कॉन्ट्रास्ट देऊन केलेला पिट्युटरीचा एमआरआय. त्यात पिट्युटरीचा देठ जाड दिसला की लगेच ‘ऑटोइम्यून’ म्हणून मोकळं होता येत नाही. जर्मिनोमाची (एक प्रकारचा कॅन्सर) गाठही सुरुवातीला अगदी अशीच दिसते. म्हणून बीटा-एचसीजी, एएफपी (अशा गाठीचा माग लावणाऱ्या तपासण्या) आणि काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय लागतो.

या लॅबचा क्लोनिडिन टेस्टचा रिपोर्ट मात्र अर्धवट: आकडा आहे, मशीन आणि पद्धतीचं नाव नाही. ‘कमी’ म्हणायची सीमा मिलिलिटरला ७ की १० नॅनोग्रॅम, हे त्यावरही ठरतं, तेव्हा मागून लिहून घ्या. आकडा कमी आला तरी बहुतेक वेळा दुसऱ्या औषधाने पुन्हा टेस्ट करावी लागते. त्यातली ग्लुकागॉनची टेस्ट इथे होत नाही. ती तीन तास चालते, उलट्या होतात आणि नंतर साखर उतरू शकते, त्यामुळे हॉस्पिटलमध्येच करवून घ्या.