ऑगस्टस पाब्लोची रेकॉर्ड: फोनच्या स्पीकरवर ऐकू नका प्लीज

शेवटी घेतलीच. 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन', जमैकाच्या ऑगस्टस पाब्लोचा १९७६ चा डब अल्बम (डब म्हणजे तयार रेगे गाण्यातले आवाज काढून-घालून केलेलं त्याचं नवं रूप), नव्याने छापलेली रेकॉर्ड. पहिली कॉपी आली ती पापडासारखी वाकडी, सुई नुसती वरखाली डोलत होती, विकणाऱ्याशी तीन आठवडे भांडलो तेव्हा कुठे बदलून मिळाली. असो, त्याचे मार्क रेकॉर्डचे कापत नाही.

पाब्लो वाजवतो ती मेलोडिका, म्हणजे तोंडाने फुंकायची चिमुकली पेटी, बघितली तर लहान मुलांचं खेळणं वाटेल. भाता नाही, हवा स्वतःच्याच छातीतली, त्यामुळे सूर जरा थरथरत येतो आणि दम संपला की ओळ संपली. त्यातून हा माणूस जे उदास काहीतरी काढतो ना, बास.

पण खरी गंमत मिक्सिंगची आहे. बेसवर रॉबी शेक्सपियर, ड्रम्सवर कार्लटन बॅरेट अशी तगडी मंडळी, किंग्स्टनमध्ये रेकॉर्ड केलेल्या टेप्स, आणि त्या गेल्या किंग टबीकडे. हा मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा, वॉटरहाउस भागात घरातच स्टुडिओ, त्यात चार ट्रॅकचं मशीन, म्हणजे आवाज वेगवेगळे ठेवायला टेपवर चार पट्ट्या. चारच! मग तो भर घालायच्या भानगडीत पडतच नाही, काढत जातो. टायटल ट्रॅक ऐका, मूळ जेकब मिलरचं गाणं, इथे त्याचा आवाज अर्धामुर्धा येतो न येतो तोच कापला जातो, मागे नुसतं एकोचं शेपूट, मग गिटार गायब, मग जवळजवळ सगळंच गायब आणि बेस आपला एकटा चालतोय. मिक्सिंगच्या डेस्कवर फिल्टरचा एक नॉब होता, तो फिरवला की हाय-हॅट (ड्रम्समधल्या झांजा) पातळ होत होत सुस्स करून वर निघून जातो, कुकरची शिट्टी होता होता राहावी तसा. आणि हे सगळं टेप चालू असताना हाताने, अनडू बिनडू काही नाही.

तक्रार म्हणाल तर दोन-तीन ट्रॅक मला अजूनही सारखेच वाटतात. आणि आधी हेच मी फोनवर ऐकून 'गायक झोपला काय' म्हणत बंद केलेलं, बेस गेल्यावर उरते ती नुसती चिरचिर. आता मोठ्या स्पीकरवर लावतो तर खालच्या काकू वर आल्या, ''वॉशिंग मशीन बिघडलंय का रे तुझं? आमचा पंखा हलतोय.''